तूप-दुधाचा मंत्र

मंगळवार, ३ जून

हे गेल्याला सात महिने झाले. त्यानंतर आज पहिल्यांदा मंडळी आमच्या ओसरीवर भजनाला बसली. खांबाजवळची ह्यांची जागा सगळ्यांनी सोडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मग तीच जागा सारखी दिसत राहिली.

भजन संपलं, कुटलेल्या मुळांच्या नगोन्याचं पातेलं मध्ये आलं, वाटी फिरायला लागली. तेव्हा जगेसर म्हणाला, "भौजी, एक काम आहे. ते आता तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

ह्यांच्यामागे मंडळी जगेसर चालवतो. तो ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान, पण आता एकदम म्हातारा दिसतो.

"पुढच्या महिन्यात तुमच्या सुनेला सातवा लागतो. तूप-दुधाचा मंत्र कोण म्हणणार? भैयाने कुणाला शिकवला नाही. शलेंद्रचं तर काही बोलायलाच नको."

माझा मुलगा शलेंद्र हसला. "काका, मला सगळं येतं. फक्त सुरुवात कुणीतरी करून द्यावी लागते."

ह्यांचे आजोबा गिरमिटात, उसाच्या मळ्यांवरच्या मजुरीच्या करारावर, जहाजाने या बेटावर आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पितळी लोटा होता आणि हा एक मंत्र. आमच्या बुलिलेका गावात घर बांधलं, लग्न झालं, बाईला सातवा लागला की ह्यांच्या घरातला पुरुष त्या लोट्यातून पाणी सोडून हा मंत्र म्हणतो. त्यात अमृत आहे, घृत आहे, पय आहे. तूप, दूध, अमृत, म्हणजे भरभराटीचाच. बाकीचे शब्द काय आहेत ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

"तुम्ही अडतीस वर्षं ऐकलाय," जगेसर म्हणाला. "आणि तुम्हाला लिहिता येतं. लिहून द्या, मी पाठ करतो. आमच्यात वाचणारं दुसरं कोण आहे?"

त्याची बायको धनमती म्हणाली, "त्या वाचतात म्हणूनच त्यांच्या घरी डाळ करपते."

मी हो म्हटलं. प्रनिता, माझी सून, दाराच्या आत पोटावर हात ठेवून बसली होती. तिची दोन गेली आहेत. पहिलं आठव्या महिन्यात पोटातच. दुसऱ्याने दोन तास श्वास घेतला. हे इथं एकदा लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

शुक्रवार, ६ जून

मंत्र कागदावर आणायला बसले. सोपं वाटलं होतं. पण तो मला शब्दांनी आठवतच नाही, ह्यांच्यासकट आठवतो. आधी गमछा डाव्या खांद्यावरून उजव्यावर घ्यायचे. मग डोंगराकडे, दक्षिणेला तोंड करायचे. यजमान पूर्वेला बसलेला असला तरी ह्यांचं तोंड डोंगराकडे. पाणी बोटांच्या टोकावरून नाही, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून सोडायचे. मी एकदा विचारलं होतं, असं वाकडं का? तर म्हणाले, आजा असंच करायचा.

सुरुवात मिळाली, मधलं मिळालं. शेवटी तीनदा येणारा शब्द तर सगळ्या गावाला येतो, कारण तो सगळे मिळून म्हणतात: तृप्यध्वम्, तृप्यध्वम्, तृप्यध्वम्. लहान मुलं त्यावर उड्या मारतात. पण त्याच्या आधीची ओळ मिळेना. आमच्या लग्नाच्या सुमाराला ती ओळ हे खणखणीत म्हणायचे. अलीकडे, बरीच वर्षं, ओठातल्या ओठात म्हणायला लागले होते. शेवटचं वर्षभर तर मंत्रच म्हटला नाही. घसा बसलाय म्हणायचे. मी आल्याचा काढा देत होते.

त्यामुळे ती ओळ मला तरुण शिउनंदनकडून आणावी लागली. ह्यांचं नाव लिहिलं. ते असताना कधी घेतलं नव्हतं.

गुरुवार, १२ जून

भाचीने सुव्याहून संस्कृतचा शब्दकोश पाठवला. हिंदीत अर्थ आहेत. पुस्तक इतकं जड आहे की मांडीवर घेतलं तर पाय झोपतो. मी शाळेत तिसरीपर्यंत गेले. वाचायला खरं तर चाळिशीनंतर शिकले, ह्यांच्या पोथीतून, शेंगा सोलता सोलता. म्हटलं, नुसता लिहून देण्यापेक्षा अर्थही लिहून देऊ. जगेसरला बरं वाटेल. प्रनितालाही.

ऊर्ज म्हणजे बळ. पय म्हणजे दूध. हे तर माहीतच होतं. आज इतकंच. गिरणी सुरू झाली आहे, उसाचे ट्रक दिवसभर दारावरून जातात, पुस्तकावर धूळ बसते.

रविवार, २९ जून

पंधरा दिवस लागले. शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवावे लागतात. चार वेळा चुकले. आज पाचव्यांदा तेच आलं, म्हणजे आता माझी चूक नाही.

हा मंत्र पाण्याला उद्देशून आहे. पाण्यांनो, तुम्ही बळ घेऊन येता, अमृत, तूप, दूध घेऊन येता. इथपर्यंत ठीक. मग ती ओळ, ओठातल्या ओठातली. माझ्या पितरांना तृप्त करा. आणि शेवटी तीनदा, मेलेल्यांनाच: तुम्ही तृप्त व्हा, तृप्त व्हा, तृप्त व्हा.

हा तर्पणाचा मंत्र आहे. मेलेल्यांना पाणी देतानाचा.

गमछा उजव्या खांद्यावर. दक्षिणेला तोंड. अंगठ्याकडून पाणी. शब्दकोशाच्या मागे विधींची माहिती आहे, तिथं सगळं तसंच लिहिलं आहे.

आमच्या लग्नात हा म्हटला होता. या घराच्या उंबऱ्यावर म्हटला होता. प्रनिताच्या सातव्यात दोनदा म्हटला. दोन्ही वेळा तिच्यासमोर पाणी सोडून मेलेल्यांना बोलावलं. आणि दोन्ही वेळा

सोमवार, ३० जून

काल पुढे लिहिता आलं नाही. आजही येत नाही. कसावा उकडला, खाल्ला नाही.

मंगळवार, ८ जुलै

जगेसर विचारायला आला. मी म्हटलं, आठवत नाही.

"आठवत नाही म्हणजे? अडतीस वर्षं ऐकलेलं?"

"मधलं तुटलंय."

"जेवढं आहे तेवढं द्या. मी जोडतो."

"मंत्र म्हणजे काय तारेचं कुंपण आहे का जोडायला?"

तो उठला. पायरीवरून खाली उतरून म्हणाला, "भौजी, राग मानू नका. पण भैया गेला म्हणून त्याचं सगळंच कुलूप लावून ठेवायचं नसतं."

मी खोटं बोलले. त्याला वाटलं दुःखाने बोलते आहे. वाटू दे. तो गेल्यावर प्रनिता म्हणाली, "माई, खरंच आठवत नाही?" मी म्हटलं, "नाही." तिने माझ्या टेबलावरच्या जाड पुस्तकाकडे पाहिलं आणि भांडी घासायला गेली. तिला तो मंत्र हवा आहे, हे मला दिसतं. ज्याने दोन नेली असतील तोच तिला हवा आहे, हे तिला ठाऊक नाही.

शुक्रवार, ११ जुलै

बसने लंबासाला गेले, पंडित भुवनदत्तांकडे. आमच्याकडचे दहावे-तेरावे, श्राद्धं सगळी तेच करतात. त्यांच्या ओसरीवर कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"तू लिहिलंस? अक्षर छान आहे, बहिनी."

"अक्षर सोडा. हे काय आहे ते सांगा."

"तुला कळलंय म्हणून तर आलीस."

मग ते म्हणाले की बारा वर्षांपूर्वी हे त्यांच्याकडे आले होते. अगदी असेच, ओसरीवर. मंत्र म्हणून दाखवला आणि अर्थ विचारला. पंडितजींनी सांगितला.

मी म्हटलं, "ह्यांना ठाऊक होतं?"

"बारा वर्षं. आजाला त्याच्या गावात लहानपणी बापाचं तर्पण करायला बसवलं असणार. तेवढंच त्या पोराला पाठ झालं. इथं आल्यावर लोक म्हणाले, काहीतरी शुभ म्हण. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? तूप-दूध ऐकून सगळे खूश झाले."

"मग ह्यांनी थांबवलं का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, पंडितजी, थांबवलं तर लोक विचारतील का थांबवलं. मग तीन पिढ्यांची लग्नं, घरं, सगळ्यांना काय सांगू? मला म्हणाला, तुम्ही आमच्या गावात श्राद्धाला या, तेव्हा हा मंत्र वगळत चला, कुणी ओळखायला नको. मी वगळत आलो. बाकीचे म्हणतो, हा सोडतो."

मी विचारलं, यात अशुभ आहे का. ते म्हणाले, नाही. पितरांची आठवण काढण्यात अशुभ काय? मी विचारलं, मग प्रनिताची दोन? त्यांच्या बायकोने आणलेला चहा निवून गेला.

"दुसऱ्याच्या वेळी तोही हेच विचारायला आला होता," ते म्हणाले. "माझ्यामुळे झालं का, म्हणून. मी नाही म्हटलं. त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर त्याने म्हणणं बंद केलं असावं."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले. काही दिसलं नाही.

रविवार, १३ जुलै

ह्यांचे गमबूट अजून पायरीवर होते. आज उचलून घराखाली टाकले. बारा वर्षं माझ्या शेजारी झोपले, माझ्या हातचं जेवले आणि सांगितलं नाही. मला वाचता येतं याचं सगळ्या मंडळीत कौतुक करायचे. घरात एवढी वाचणारी बसली होती, तिला विचारायला काय झालं होतं? पंडिताकडे गेले.

आणि मी आलं किसत होते.

मंगळवार, २२ जुलै

सातवा. मंडळी आली. प्रनिताने पिवळी साडी नेसली होती. बायकांनी तिच्या ओटीत नारळ, केळी, गूळ घातला. भजनं झाली. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी खाली पाहिलं. जगेसरने साधी आरती म्हणून वेळ भरून काढली. धनमती जाताना म्हणाली, "घर जरा कोरडंच वाटलं गं. पाणी सांडल्याशिवाय कसला सातवा."

त्या गेल्यावर प्रनिता साडी न बदलता तशीच बसून राहिली. "माई, तुम्हाला आठवतो. परवा भाजी चिरताना तुम्ही गुणगुणत होता. मग थांबलात."

मी म्हटलं, उद्या बोलू.

बुधवार, २३ जुलै

सांगितलं. शलेंद्र ऊस भरायला गेला होता. मी सगळं सांगितलं, कागद दाखवला, एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला. मला वाटलं होतं ती रडेल. ती अगदी शांत होती. शाळकरी पोर धडा समजावून घेते तशी.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी माझ्यासमोर म्हटलं."

"लोक विचारतील म्हणून. त्यांना वाटलं यात वाईट काही नाही. पंडितजीही नाही म्हणतात."

"त्या दोघांसाठी म्हटला का हा? नंतर?"

मी म्हटलं, "नाही गं. एवढ्या लहानांना पाणी देत नाहीत. त्यांचं काहीच करत नाहीत."

"म्हणजे ती जिवंत होती तेव्हा म्हटला, आणि गेल्यावर नाही."

मी म्हटलं, "ते विसर आता. हे तिसरं नीट होऊ दे. म्हणून तर मी यंदा म्हणू दिला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पिशवी भरली. दुपारच्या बसने सियांगांगाला, तिच्या आईकडे. मी बसथांब्यापर्यंत पिशवी धरायला गेले तर म्हणाली, "राहू द्या माई, मला जमतं."

मंत्राची भीती बसली असणार. या घराची भीती. मी तरी कुठल्या तोंडाने सांगू की भिऊ नकोस.

शुक्रवार, २५ जुलै

शलेंद्र काल तिला आणायला गेला, एकटाच परत आला. जेवताना म्हणाला, "माई, तिला मी विचारलं, माईचा राग आलाय का? तर म्हणाली, माईंनी निदान सांगितलं तरी."

"मग येत का नाही?"

"म्हणते, बाळ होईपर्यंत तिला अशा माणसांत राहायचं आहे ज्यांना पहिल्या दोघांबद्दल बोलताना आवाज खाली करावा लागत नाही." भाताला दही लावत तो म्हणाला, "म्हणजे काय ते मला नाही कळलं."

मलाही नीट कळलं नाही. आम्ही तिच्या भल्यासाठीच बोलत नव्हतो. दुसऱ्या वेळी ती हॉस्पिटलमधून घरी यायच्या आत मी झबली, दुपटी सगळी शेजारच्या मेरेसेइनीला देऊन टाकली होती. तिच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून. घरी आल्यावर तिने कपाट उघडलं आणि नुसतं बंद केलं. तेव्हा मला वाटलं, बरं झालं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही. शलेंद्र रविवारी जाऊन येतो. ती ठीक आहे. पाय सुजले आहेत. मी त्याच्याबरोबर डब्यात सैना पाठवली, अरवीच्या पानांची गुंडाळी तिला आवडते. डबा धुऊन परत आला. आत गुळाचा एक खडा होता. रिकामा डबा परत पाठवायचा नाही म्हणून असेल.

रविवार, १४ सप्टेंबर

पितरपख चालू आहे. शलेंद्रने सकाळी ओढ्यावर बापाला पाणी दिलं. मी बरोबर गेले. त्याने विचारलं, "काय म्हणू?" मी म्हटलं, "नाव घे." त्याने नाव घेतलं, पाणी सोडलं, मग हात पुसत उभा राहिला. मला सगळा मंत्र येतो. योग्य जागा होती, योग्य दिवस होता. तोंड उघडलं नाही. बाईने म्हणू नये, विधवेने तर नाहीच, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नाही. मी म्हटला असता तर तो माझ्याही ओठात बसला असता.

बुधवार, २४ सप्टेंबर

मुलगी. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी. साडेपाच पौंड. रडली, दूध प्यायली. शलेंद्रने फोनवर सांगितलं तेव्हा मी पीठ मळत होते, हात तसेच पिठाचे. पहिले दोन तास मी घड्याळ पाहत बसले. दोन तास झाले. मग तीन. मग रोट्या केल्या.

प्रनिताने बोलावलं नाही. पण शलेंद्रने फोन तिच्या तोंडाशी धरला तेव्हा म्हणाली, "माई, हिचे कान तुमच्यासारखे आहेत."

यंदा मंत्र म्हटला नाही आणि हिचं नीट झालं. म्हणजे मंत्रच होता का? पंडितजी नाही म्हणतात. मी रोज हो आणि नाही दोन्ही मानते. डोकं धुताना हो, भात उपसताना नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज जगेसरला सांगून टाकलं. मंडळी उठल्यावर त्याला आणि धनमतीला थांबवलं. कागद वाचून दाखवला. तो बराच वेळ ढोलकाच्या दोऱ्या आवळत राहिला. त्या आधीच आवळलेल्या होत्या.

"माझ्या लग्नात म्हटला होता हा," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझं लग्न म्हणजे श्राद्ध होतं?"

धनमती म्हणाली, "मला तर पहिल्याच वर्षी संशय आला होता."

तो हसला नाही. "आणि भैयाला माहीत होतं. माझ्या पोराच्या घराला म्हटला त्याने, चार वर्षांपूर्वी. मी त्याला धोतर दिलं त्याबद्दल. घेतलं त्याने."

"घेतलं."

"तुम्ही हे कशाला शोधत बसलात, भौजी? चाललं होतं ना सगळं?"

"तूच म्हणालास, लिहून द्या."

"लिहून द्या म्हटलं होतं. समजून घ्या म्हटलं नव्हतं."

तो गेला. धनमती थोडी मागे राहिली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि गेली. तिचे टाळ इथंच राहिले.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दुसरा मंगळवार. कुणी आलं नाही. जगेसरने सगळ्यांना सांगितलेलं दिसतं. दुकानात मंडळीतल्या सुमिंतराने मला पाहून पाठ फिरवली. तिच्या घराच्या उंबऱ्यावरही म्हटला होता. तिचा नवरा पुढच्याच वर्षी गेला. ती आता दोन्ही जोडणार. मी जोडलं तसंच.

हे बारा वर्षं यालाच भीत होते. मी सांगितलं आणि पंधरा दिवसांत तेच झालं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

लंबासाला जाऊन आले. पंडितजींना म्हटलं, नऊ तारखेला ह्यांची बरखी, वर्षश्राद्ध. त्या दिवशी तो मंत्र वगळायचा नाही.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मोठ्याने. पितरांच्या ओळीसकट."

"लोक उठून जातील, बहिनी."

"जाऊ देत. आयुष्यभर सगळ्यांसाठी म्हटला. स्वतःच्या वेळी त्यांना तो मिळायला नको?"

पंडितजी म्हणाले, "तू चिडून करते आहेस की प्रेमाने?"

मी म्हटलं, "मला वेगवेगळं करता येत नाही." बसची वेळ झाली होती.

घरी येऊन घराखालून गमबूट काढले. एकात बेडूक होता.

सोमवार, १० नोव्हेंबर

काल बरखी झाली. काल लिहायला बसले नाही. भांडी होती, माणसं होती.

प्रनिता आली. शलेंद्र तिला आणायला गेला नव्हता. शनिवारी दुपारी ती स्वतःच बसमधून उतरली, मुलगी छातीशी बांधलेली, खांद्यावर पिशवी. मी धावत गेले. यावेळी तिने पिशवी दिली.

"पंडितजी तो म्हणणार आहेत असं ऐकलं," ती म्हणाली.

"हो. तुला नको असेल तर तेवढा वेळ तू मेरेसेइनीकडे जाऊन बस. मी सांगते तिला."

"मी त्यासाठीच आले आहे, माई."

मला कळलं नाही. मी म्हटलं, आधी जेव.

मंडळी येईल असं वाटत नव्हतं. पण सकाळी नऊपासून एकेक जण आला. सुमिंतराही आली. बोलली नाही, पण आली, आणि थेट चुलीशी जाऊन पुऱ्या लाटायला बसली. जगेसर सगळ्यांच्या शेवटी आला आणि ओसरीच्या कडेला, एक पाय खाली सोडून बसला. उठून जायला सोपं पडावं म्हणून.

शलेंद्र दर्भावर बसला. पंडितजींनी त्याचा गमछा उजव्या खांद्यावर घेतला, त्याला डोंगराकडे तोंड करून बसवलं. ते पाहून ओसरीपुढच्या मंडपातली माणसं पुढे सरकली. बापाला शंभर वेळा असंच पाहिलेलं होतं सगळ्यांनी. मग पंडितजींनी मंत्र सुरू केला.

ह्यांची चाल नव्हती, पंडितजींची सपाट चाल होती. तरी सगळ्यांनी ओळखला. अमृत आलं, घृत आलं, पय आलं. मग ती ओळ, मोठ्याने, इतक्या वर्षांनी उघड. माझ्या पितरांना तृप्त करा. मी जगेसरकडे पाहिलं. त्याने दुसरा पायही खाली सोडला. आता उठणार.

पण शेवटचा शब्द आला आणि त्याचं तोंड उघडलं. त्याने ठरवून केलं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं त्या जागी तोंड उघडलं होतं, ते उघडलं. तृप्यध्वम्. धनमतीने म्हटलं. सुमिंतराने चुलीपाशी लाटणं हातात धरून म्हटलं. दुसऱ्यांदा सगळा मंडप म्हणाला. तिसऱ्यांदा जगेसरचा आवाज फाटला, आणि तो तसाच बसून राहिला, पाय खाली सोडून, गमछ्याने तोंड पुसत.

मग नावं. पंडितजी एकेक नाव सांगत, शलेंद्र पाणी सोडत होता. बाप, आजा, पणजा. पणजी. पणज्याची आई, जी तिकडेच राहिली, जिचं नावही कुणाला ठाऊक नाही, तिच्यासाठी नुसतं पाणी. पंडितजींनी लोटा खाली ठेवायला हात पुढे केला.

"पंडितजी," प्रनिता म्हणाली. "अजून दोन आहेत."

ती मुलीला घेऊन उभी होती, बायकांच्या बाजूला, सगळ्यांच्या मागे. आवाज खाली केला नव्हता.

पंडितजी म्हणाले, "बेटी, एवढ्या लहानांना देत नाहीत. त्यांना लागत नाही. ती शुद्धच जातात."

"त्यांना लागत नसेल."

कुणीतरी खोकलं. शलेंद्र मागे वळून पाहत होता, ओंजळीतलं पाणी गळत होतं. मला वाटलं मी काहीतरी बोलावं, तिला आत न्यावं. जुलैमध्ये तिने मला जे विचारलं होतं, ते मला तिथं, सगळ्यांसमोर, चार महिने उशिरा कळलं. मंत्राला ती कधी भ्यालीच नव्हती.

मी म्हटलं, "पंडितजी, द्या. काही चुकलं तर माझ्या माथी."

पंडितजींनी माझ्याकडे पाहिलं, मग लोटा पुन्हा उचलला. "नावं लागतील. नावं ठेवली होती का?"

शलेंद्र म्हणाला, "नाही."

"ठेवली होती," प्रनिता म्हणाली. "सुहानी. आणि निहाल."

शलेंद्रने ती नावं पहिल्यांदा ऐकली. आम्ही सगळ्यांनीच. पंडितजींनी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि भरभर म्हणायला सुरुवात केली, उशीर झाला होता, पानं वाढायची होती.

"सावकाश म्हणा," प्रनिता म्हणाली. "मला एकेक शब्द ऐकायचा आहे. माईंनी मला अर्थ सांगितला आहे."

पंडितजी थांबले. मग त्यांनी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं.